मेहरूणच्या परसात तयार किटचा गझीबो

प्रश्न : आमचे घर मेहरूणमध्ये आहे, पूर्वाभिमुख. मागे पश्चिमेला मोकळे परस आहे आणि त्यात सासऱ्यांनी लावलेले बोराचे झाड. मुलगा पुण्याला असतो. त्याने ऑनलाइन एका लाकडी गझीबोचे किट पाहून ठेवले आहे. षटकोनी आहे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 12 फूट. सगळी लाकडे मापात कापून, भोके पाडून येतात, आपण फक्त जोडायची. इकडे चांगला सुतार वेळेवर मिळत नाही, म्हणून कल्पना आवडली. पण आमची माती काळी आणि उन्हाळा जळगावचा. असे किट इथे टिकेल का? घरच्या चार माणसांत उभे होईल का? वर मंगलोरी कौले घालता येतील का? आखाजीला त्यालाच झोका बांधावा असे मुलींचे म्हणणे आहे, आणि हिवाळ्यात त्याखाली भरीत पार्टी करू असे मंडळींचे. सासरे म्हणतात, तुकडे विकत आणून घर बांधणे हे नवे खूळ आहे. तुमचे मत कळवा.
— एक वाचक, मेहरूण, जळगाव

उत्तर : ताई, किट जरूर घ्या. मात्र जमिनीखालचे काम किटच्या किमतीत येत नाही. ते वेगळे धरा आणि सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्या. कारखान्यात लाकडे कितीही अचूक कापली, तरी कापणाऱ्याला मेहरूणची काळी माती माहीत नसते. मे महिन्यातले दुपारी चारचे ऊन माहीत नसते. पावसाआधी रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा एका तासात आडव्या करणारा वारा त्याने पाहिलेला नसतो. माती, वारा आणि ऊन या तिघांचा बंदोबस्त तुम्हालाच करायचा आहे. तो केलात तर गझीबो टिकेल.

सासऱ्यांच्या शंकेला आधी उत्तर देतो. तुकडे तयार करून आणायचे आणि जागेवर जोडायचे, ही रीत आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे. मुंबईत काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची इमारत आहे, पूर्वीचे वॉटसन हॉटेल. तिचा ओतीव लोखंडाचा सगळा सांगाडा इंग्लंडमध्ये घडवला गेला. खांब आणि तुळया जहाजाने मुंबईला आल्या आणि 1860च्या दशकात इथे जोडल्या गेल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा होता. लंडनच्या 1851 सालच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामातही तो होता, आणि तो काचमहालही तयार भाग जोडूनच उभारलेला होता. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ झाला तो याच वॉटसन हॉटेलात. पुढे अमेरिकेत सिअर्स कंपनीने 1908 ते 1940 या काळात अख्खी घरे कॅटलॉगमधून विकली. लाकडे, खिळे, दारे, खिडक्या असे सगळे रेल्वेच्या वॅगनमधून गावच्या स्टेशनवर उतरायचे.

इतके लांब तरी कशाला जायचे? खान्देशातली जुनी धाब्याची घरे आठवा. सागाचे खांब, त्यावर तुळया, त्यावर कड्या, पाट आणि वर मातीचा धाबा. खांबाची कूस आणि तुळईची खाच सुतार खाली जमिनीवरच तयार करायचा आणि मग वर चढवून बसवायचा. म्हणून तर आजही जुना वाडा उतरवला की त्याचे खांब विकले जातात आणि दुसऱ्या घरात पुन्हा उभे राहतात. कापणारा एकीकडे आणि जोडणारा दुसरीकडे, एवढाच काय तो किटमध्ये फरक.

हा फरक तुमच्या सोयीचाही आहे. चौकोनी मांडव कोणीही घालील. षटकोनी छप्पर अवघड. सहा वासे मध्यावर 60 अंशांच्या अंतराने येऊन भेटतात आणि प्रत्येक वासा उताराचाही असतो. त्यामुळे दोन वाशांमधल्या पाख्याच्या फळ्यांची टोके दोन अंगांनी तिरकी कापावी लागतात. कोन जरा चुकला की वर टोकाशी फट पडते आणि पावसाचे पाणी थेट आत येते. ते कापकाम यंत्रावर नेमके होते. किटची खरी किंमत त्या तिरक्या कापांची आहे, बाकीचे लाकूड कुठल्याही वखारीत मिळते.

आता माती. काळ्या मातीत जी चिकणमाती असते ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. एप्रिल-मेमध्ये शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. घराचे वजन मोठे असते, त्यामुळे मातीच्या फुगण्याला ते थोडेफार दाबून ठेवते. गझीबो हलका असतो, त्याला माती सहज उचलते. सहाही खांब सारखे उचलले गेले असते तर एक वेळ चालले असते. पण ज्या बाजूला पागोळ्यांचे पाणी मुरते तिकडचे खांब जास्त वर येतात आणि कोरड्या बाजूचे कमी. दोन पावसाळ्यांत वरचे कडे पिळवटते, भोकांत बोल्ट तिरके होतात, सांधे उघडतात. लोक लाकडाला दोष देतात. दोष खालच्या मातीचा असतो.

रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी तळाशी फुगीर अशा पाइलची पद्धत बसवली आणि घरांसाठी ती देशभर वापरात आहे. गझीबोला एवढे लागत नाही. प्रत्येक खांबाखाली मुरूम लागेपर्यंत खणायचे. मुरूम 2-3 फुटांवर लागला तर प्रश्नच मिटला. नाही लागला तर 3 फूट खणून तळाचा एक फूट मुरमाने भरा. तो 6-6 इंचांचे थर टाकून, पाणी मारून, धुमसाने कुटून बसवा. त्यावर काँक्रीटचा ठोकळा. ठोकळ्याच्या बाजूंना खणून काढलेली काळी माती परत ढकलू नका, तिथे वाळू किंवा मुरूम भरा. काळी माती ठोकळ्याला बाजूने चिकटून वर ओढते, वाळू ओढत नाही. आणि छपराचे पाणी गझीबोपासून लांब जाईल असा उतार चारी बाजूंना ठेवा. माती सगळीकडे सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली की निम्मा त्रास कमी होतो.

ठोकळा केवढा हे माती ठरवत नाही, वारा ठरवतो. भिंती नसलेल्या छपराला वारा खालून उचलतो. भारतीय मानक 875च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचे सूत्र आहे: वेग सेकंदाला मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6ने गुणा, म्हणजे दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये दाब मिळतो. ताशी 100 किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर. दाब आला चौरस मीटरला साधारण 47 किलोइतका. तुमचा गझीबो खांबांपाशी 12 फूट, त्यात पागोळीचा एकेक फूट धरला तर छपराचे क्षेत्र भरते जवळपास 12 चौरस मीटर. ढोबळ हिशेबाने छपराला वर खेचणारा जोर साडेपाचशे किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हेही लक्षात ठेवा.

किटच्या माहितीपत्रकात बहुधा फूटभर लांबी-रुंदी-खोलीचा ठोकळा दाखवलेला असतो. एक घनफूट काँक्रीटचे वजन सुमारे 68 किलो, सहा ठोकळ्यांचे 400च्या थोडे वर. गझीबोचे स्वतःचे वजन मदतीला येते हे खरे, पण वारा सहाही खांबांना सारखे खेचत नाही. ज्या बाजूने येतो तिकडच्या दोन-तीन खांबांवर सगळा भार पडतो. म्हणून ठोकळा दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि 2 फूट खोल घ्या. एकेक ठोकळा 300 किलोंचा होतो आणि मग वादळाची रात्र निवांत जाते. काँक्रीट एकास दीड-तीन. सात दिवस गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. जळगावच्या कोरड्या हवेत हे टाळले तर काँक्रीट वरून भुसभुशीत राहते आणि बोल्ट तिथेच सैल होतो.

बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये रोवायचे की नंतर भोक पाडून बसवायचे? गवंडी म्हणतील, आधीच रोवू. माझा सल्ला, नंतर. तयार किटमध्ये वरची भोके ठरलेली असतात. खालचा बोल्ट अर्धा इंच सरकला तर वर काहीच जुळत नाही, आणि गडबडीत लोक भोक मोठे करतात. काँक्रीट पक्के झाले की आखणी पुन्हा तपासा, मग ड्रिलने भोक पाडून अँकर बोल्ट ठोका. लाकडी खांब थेट काँक्रीटवर टेकवू नका. लोखंडी बैठक वापरून तो दोन-तीन इंच वर ठेवा. पाणी साचत नाही आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची वाट डोळ्यांना दिसते.

आखणी मात्र घरच्या माणसांनीच करावी असे काम आहे. मध्यावर खुंटी ठोका. 6 फुटांची तार तिला बांधून वर्तुळ काढा. सुतळी नको, ती ताणते. आता तीच 6 फुटांची तार घेऊन वर्तुळावर एका बिंदूपासून पुढचा बिंदू, तिथून पुढचा, असे करत जा. षटकोनाची बाजू वर्तुळाच्या त्रिज्येएवढीच असते, म्हणून सहाव्या मापाला तुम्ही जिथून निघालात बरोबर तिथेच पोहोचायला हवे. बोटभर जरी पुढे-मागे झाले तरी पुन्हा मोजा. शेवटी समोरासमोरचे तिन्ही कर्ण तपासा, तिन्ही 12 फूट भरले पाहिजेत. नुसत्या सहा बाजू सारख्या आल्या म्हणून समाधान मानू नका, कारण बाजू सारख्या असूनही षटकोन चेपलेला असू शकतो. ठोकळ्यांची उंची पारदर्शक नळीत पाणी भरून जुळवा. गवंड्याकडे ती असतेच, आणि इतक्या लहान कामाला तिच्यासारखे खात्रीचे साधन नाही.

जोडणी चार माणसांत होते. पेट्या आल्या की पहिल्या दिवशी काहीही जोडू नका. तुकडे काढून क्रमांकाप्रमाणे लावा, यादीशी ताडून पाहा, स्क्रू-नट-वॉशर वाट्यांमध्ये वेगळे करा. एक वासा कमी निघाला तर तो आजच कळलेला बरा. पाच वासे वर चढल्यावर कळला तर काम अडून बसते. मग लाकडे सावलीत, सपाट जागी, मध्ये बारीक पट्ट्या देऊन आठवडाभर पडू द्या. दुसऱ्या हवेतून आलेले लाकूड आपल्या कोरड्या हवेत आकसते, ऑगस्टमध्ये फुगते. हा फरक रुंदीत पडतो, लांबीत जवळपास नाहीच, म्हणून वाशांची मापे बिघडत नाहीत. बैठकीच्या फळ्या मात्र एकमेकींना चिकटवून ठोकल्या तर पावसाळ्यात उचलतात. दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट सोडा.

खांब उभे करताना एकही बोल्ट पुरता आवळायचा नाही. सहा खांब, वरचे कडे, आडव्या पट्ट्या, सगळे हातसैल. मग छपराची पहिली जोडी: समोरासमोरचे दोन वासे आणि मधला षटकोनी ठोकळा. दोघांनी शिडीवर, दोघांनी खाली. ही जोडी बसली की उरलेले चार वासे आपोआप जागा घेतात. तेवढ्यात पुन्हा ओळंबा लावा, तिन्ही कर्ण मोजा आणि मगच पाना फिरवत समोरासमोरचे बोल्ट आवळत जा. एकाच बाजूने आवळत गेलात तर सगळा सांगाडा तिकडे झुकतो. जोडणीतल्या बऱ्याच तक्रारी घाईने आवळलेल्या पहिल्या बोल्टातून सुरू होतात.

काळ सांगायचा तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत. तेव्हा माती फार फुगलेलीही नसते आणि फार भेगाळलेलीही नसते. माणसालाही काम सोसते.

उन्हाकडे मात्र तुमच्या मुलाचे लक्ष गेलेले दिसत नाही. जळगाव 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि गझीबोची सावली गझीबोखालीच पडते. तेव्हा ठीक. पण साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, साधारण 32 अंशांवर उतरलेला असतो. छपराची कड साडेसात फुटांवर असेल तर तिची सावली जवळपास 12 फूट पूर्वेला सरकते, म्हणजे तुमच्या मागच्या दाराकडे. 12 फुटांच्या गझीबोत त्या वेळी बसायला सावली उरतच नाही, आणि लोक बाहेर बसतात ते नेमके त्याच वेळी. परस पश्चिमेला असल्यामुळे घराची सावलीही कामाला येत नाही.

म्हणून पश्चिम आणि वायव्य अशा दोन बाजू जाळीने भरा. किटबरोबर लाकडी जाळी मिळत असेल तर दोन जादा मागवा. त्यावर मधुमालती किंवा जाई चढवा. वेल वाढेपर्यंत पहिले दोन उन्हाळे वाळ्याच्या ताट्या लावा, पाणी मारले की सुगंधही येतो. छप्पर दुहेरी असेल, म्हणजे मधे छोटे टोपण आणि त्याखाली वीतभर मोकळी फट असेल, तर तेच घ्या. गरम हवा तिथून निघून जाते आणि वाऱ्याचा उचलणारा जोरही थोडा कमी होतो. साधा पत्रा आणि पारदर्शक पॉलिकार्बोनेट या दोन गोष्टी जळगावात छपराला वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रा तापून खाली धग सोडतो आणि पारदर्शक पत्र्याखाली तर ऊन तसेच्या तसे अंगावर येते.

तुम्ही म्हणाल, बोराची सावली आहेच की. बोर उन्हाळ्यात पाने गाळते. महाराष्ट्रात बोराची छाटणीही एप्रिल-मेमध्येच करतात. ज्या महिन्यांत सावली हवी, त्याच महिन्यांत ते झाड उघडे असते. पण म्हणून त्याला धक्का लावू नका. मेहरूणची बोरे ही या गावाची ओळख आहे, बोराच्या जातींच्या यादीत उमराण, कडाका यांच्या पंक्तीत मेहरूण हे नाव आहे. शहर वाढले तशा इथल्या बागा गेल्या, आता परसातली अशी झाडे फार उरलेली नाहीत. खोडापासून सर्वात जवळचा खड्डा किमान 8-10 फूट लांब ठेवा. खणताना मनगटाएवढे मूळ लागले तर ते तोडू नका. आणि इथे किटची एक अडचण समजून घ्या: खांबांची जागा ठरलेली असते, एकच खड्डा बाजूला सरकवता येत नाही. मूळ आड आले तर काँक्रीट ओतण्याआधी मधली खुंटीच हलवा किंवा सगळा षटकोन थोडा फिरवून घ्या. सहाही खड्डे खणून झाल्याशिवाय एकातही काँक्रीट ओतू नका, ते यासाठी. बैठकीला फळ्या नको असतील तर मुरूम-वाळूवर शहाबादी फरशी सुटी मांडा. मुळांना पाणी मिळत राहील आणि माती हलली तर फरशी उचलून पुन्हा बसवता येईल.

झोक्याचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. आखाजीचा झोका म्हणजे लहान मुलांचा पाळणा नव्हे. माहेरी आलेल्या मुली उभ्याने, जोडीने झोके घेतात. झोका 60 अंशांपर्यंत वर गेला तर खाली येताना दोरीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. दोघींचे वजन 100 किलो धरले तर 200 किलोंचा ताण, आणि तोही एकदा इकडे, एकदा तिकडे खेचणारा. किटची आडवी तुळई छपराचा भार खाली पोचवण्यासाठी असते, हा हिसका तिला सोसत नाही. तिच्या टोकाचे स्क्रू आधी सैल होतात आणि एक दिवस उपटून येतात. झोका कडुनिंबाच्या जाड फांदीला बांधा, किंवा दोन्हीकडे तिकाटणे असलेली लोखंडी चौकट स्वतंत्र उभारा. सण वर्षातून एकदा येतो म्हणून चालवून घेऊ, असे कृपा करून करू नका.

मंगलोरी कौलांचेही तसेच. एक कौल साधारण अडीच किलोंचे, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. तुमच्या छपरावर साडेचारशे किलो चढतील आणि पावसात भिजल्यावर आणखी. किटचे वासे लाकडी फळ्या किंवा हलक्या शिंगल्सच्या हिशेबाने दिलेले असतात. शिवाय षटकोनी छपराच्या सहा धारांवर प्रत्येक कौल तिरके कापावे लागते. कौलेच हवी असतील तर किटचा नाद सोडून चौकोनी, दुपाखी मांडव सुताराकडून करून घ्या, तो अधिक शोभेल.

भरीत पार्टी जरूर करा, जेवायला गझीबोत बसा. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा मान राखायलाच हवा. पण वांगी भाजायची ती उघड्यावर, छपरापासून 15-20 फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. पऱ्हाट्यांचा जाळ एकदम उंच उठतो आणि ठिणग्या उडतात. तेल पाजलेले कोरडे लाकूड त्यांना पुरेसे असते.

तेलाचा विषय निघाला म्हणून सांगतो. बाहेरच्या लाकडाला चकचकीत व्हार्निश मारू नका, आपल्या उन्हात त्याच्या खपल्या निघतात आणि मग सगळे खरवडावे लागते. लाकडात मुरणारे तेल द्या. जवसाचे उकळलेले तेल चालते. होळीच्या आधी दरवर्षी एक हात. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते, बोळ्याच्या आत ती साठते आणि फडके आपोआप पेटू शकते. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लाकडाऐवजी बांबूचाही विचार करून पाहा. सिंधुदुर्गात कुडाळची कॉनबॅक ही संस्था प्रक्रिया केलेल्या बांबूच्या इमारती आणि गझीबो करते. मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूची घरे बांधणारे आदिवासी कारागीर घडवले आहेत. 2017 साली भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे शेतात लावलेल्या बांबूच्या तोडणी-वाहतुकीची पूर्वीची कटकट बरीच कमी झाली. बांबू घेतलात तर एकच गोष्ट विचारा: बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया केली आहे का? नसेल तर वर्षभरात आतून भुसा पडू लागतो. मला स्वतःला परसात बांबूच अधिक आवडतो. पण घरच्या माणसांनी, पान्याने आणि ड्रिलने जोडायचे असेल तर कापलेल्या लाकडाचे किट सोपे, हेही तितकेच खरे.

महापालिकेच्या नगररचना विभागात एकदा विचारून घ्या. घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत पक्के काँक्रीटचे काम येत असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. शेजाऱ्यांच्या भिंतीकडे छपराचे पाणी जाणार नाही एवढेही पाहा.

आता मुलाला ऑर्डर द्यायला सांगण्याआधी दोन गोष्टी करा. परसात गझीबोच्या मध्यावर 3 फूट खड्डा खणा आणि मुरूम किती खाली लागतो ते पाहा. त्या खड्ड्यातली मूठभर माती वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळा. औषधाच्या मापाने 10 मिलिलीटर माती एका उंच, अरुंद काचेच्या नळीत घेऊन वर पाणी भरा, तेवढीच माती दुसऱ्या तशाच नळीत घेऊन वर रॉकेल भरा. रॉकेल मिळाले नाही तर ही तपासणी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत होते. 24 तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची मोजा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली तिच्यापेक्षा निम्म्याहून कमी वाढली असेल तर वर सांगितलेले ठोकळे पुरेत. दुप्पट किंवा त्याहून जास्त झाली आणि मुरूमही लागला नसेल, तर खड्डे 4 फुटांवर न्या आणि स्थानिक स्थापत्य अभियंत्याला एकदा जागा दाखवा. हे दोन आकडे हाती आल्यावरच किटचे पैसे भरा.